गेम ऑफ थ्रोन्स, ताई आणि पलंगाशेजारी उभी असलेली माणसं

आधीच सांगतो, पुढे कोण कोण मरतं ते सगळं आलं आहे. ज्यांनी अजून पाहिली नाही त्यांनी इथूनच परत फिरावं. मालिका संपून बरीच वर्षं झाली, तरी असे लोक भेटतात आणि मला त्यांचा हेवा वाटतो.

पाय मोडला होता. सहा आठवडे प्लास्टर. मोठी ताई सोबतीला आली. ताई निवृत्त परिचारिका, त्यातली वीसेक वर्षं प्रसूती विभागात गेलेली. तिच्या हातात दुपारी काम नसलं की ती मलाच वळसे घालू लागते, म्हणून मी कपाटातून आठही पर्वांचा डिस्कचा संच काढला. 73 भाग, 70 तासांच्या आसपास. प्लास्टर निघेपर्यंत पुरेल असा हिशेब होता. (पुरला नाही. तिला एकदा गोडी लागल्यावर दिवसाला तीन-तीन भाग व्हायला लागले.)

मी ही मालिका 2011 पासून दर आठवड्याला भाग येईल तशी पाहिली होती. आता दुसऱ्यांदा बघताना पडद्यावर काय होणार ते पाठ होतं, त्यामुळे मी बहुतेक वेळ ताईकडेच बघत बसलो. हे परीक्षण त्यातून आलं आहे. ड्रॅगन, युद्धं, संगीत याबद्दल भरपूर लिहून झालंय. ही मालिका गाजली ती माणसं मारण्यासाठी, तेव्हा तिचं माप त्याच ठिकाणी काढलेलं बरं.

ताईला नावं लक्षात राहत नव्हती. नेड स्टार्क तिच्यासाठी ‘मुलींचा बाप’, सर्सी ‘ती सोनेरी बाई’, टिरियन मात्र पहिल्या दिवसापासून ‘टिरियन’. पहिला धक्का बसला तो सहाव्या भागात. डेनेरिस या हद्दपार राजकन्येच्या भावाच्या डोक्यावर वितळलेलं सोनं ओततात, तेव्हा मी ओतकामाच्या कारखान्यातला माणूस म्हणून नेहमीची कुरकुर केली, की सोनं 1064 अंशांना वितळतं, रश्श्याच्या भांड्यात शेकोटीवर दोन मिनिटांत नाही. ताईने ऐकलंच नाही. ती म्हणाली, “बहिणीकडे बघ. पापणीसुद्धा लवली नाही तिची.” मग माझ्या प्लास्टरकडे बघून म्हणाली, “मी एवढी शांत उभी राहिले नसते हं, तू कितीही नालायक असतास तरी.”

तेव्हा मला ते गमतीचं वाटलं. पण नवव्या भागात तेच झालं. मुलींच्या बापाने पोरी वाचाव्यात म्हणून भर चौकात खोटा गुन्हा कबूल केला, आणि तरी त्या पोरसवदा राजाने मान उडवायचा हुकूम दिला. हा भाग 12 जून 2011 ला दाखवला गेला. ज्या पुस्तकांवरून ही मालिका झाली ती वाचणाऱ्यांना हे 1996 पासून माहीत होतं, बाकीच्यांना नाही. पहिल्या पर्वाच्या जाहिरातीवर सिंहासनावर बसलेला, नेड झालेला नट शॉन बीनच होता. जाहिरातीवरच्या माणसाला नवव्या भागात मारतात, यावर विश्वास कसा बसावा? त्या वेळी मी शेवटच्या क्षणापर्यंत कोणीतरी घोड्यावरून येईल म्हणून वाट बघत होतो. भाग संपला तरी वाटत होतं, पुढच्या आठवड्यात काहीतरी खुलासा करतील.

ताई तलवारीकडे बघतच नव्हती. “त्या मोठीला धरा कोणीतरी,” म्हणाली. सान्सा किंचाळत होती. धाकट्या आर्याचं तोंड योरेनने स्वतःच्या अंगाशी दाबून धरलं होतं आणि कॅमेरा वर उडणाऱ्या कबुतरांकडे गेला. ताईने मान हलवली. “हे बरोबर केलं. बघू द्यायचं नसतं.”

मी विचारलं, तू मरणाऱ्याकडे का बघत नाहीस? ती म्हणाली, “सवय. गेलेल्याला आपल्याकडून काही नको असतं. पलंगाशेजारी जो उभा असतो ना, त्याच्याकडे बघायचं. तोच पडतो धाडकन.”

आणि मग ही मालिका मला निराळीच दिसायला लागली. दहाव्या भागात युद्धाचं काही विशेष नाही. त्याचा केवढा तरी वेळ जातो तो मागे राहिलेल्यांवर. नेडची बायको कॅटलिन छावणीतून ताठ मानेने चालत जाते, दोन्ही बाजूंचे सैनिक वाकून नमस्कार करतात, तिचा चेहरा दगडासारखा. झाडीत पोचल्यावर, कोणी बघत नाही म्हटल्यावर, ती झाडाच्या खोडाला धरून रडते. पलीकडे तिचा थोरला मुलगा रॉब तलवारीने झाडावरच घाव घालत सुटलेला. “जिन्यात,” ताई म्हणाली. “आमच्याकडे जिन्यात जाऊन रडायचे. वॉर्डात कोणी रडायचं नाही.” तो प्रसंग तिने परत लावायला लावला.

मारण्याचं धाडस हे या मालिकेचं बळ, असं तेव्हा सगळेच म्हणायचे, मीही म्हणायचो. धाडस काय, कुठलाही लेखक करेल. यांना दुखवटा दाखवता येत होता. म्हणून आपल्यालाही कोणीतरी गेल्यासारखं वाटायचं.

तिसऱ्या पर्वातलं लाल लग्न, म्हणजे लग्नाच्या मेजवानीत रॉब आणि कॅटलिनची दगाबाजीने केलेली कत्तल. 2 जून 2013. इथे मला एक कबुली द्यायची आहे.

मी पुस्तक तोवर वाचलं होतं. ज्या तिसऱ्या पुस्तकात हे आहे ते 2000 सालचं. स्वतः लेखकाने सांगितलंय की हे प्रकरण लिहवेना म्हणून त्याने ते बाजूला ठेवलं आणि बाकीचं पुस्तक संपवून मग लिहिलं. तेव्हा जगभरात पुस्तक वाचलेल्यांनी एक उद्योग केला होता. न वाचलेल्या मित्रांना समोर बसवायचं आणि गुपचूप त्यांचे चेहरे टिपायचे. त्या चित्रफिती लाखोंनी पाहिल्या. लोक तोंडावर हात धरतायत, उशा फेकतायत, “नाही, नाही” म्हणत उठतायत. मीही केलं. माझ्या खोलीवर चार जण जमलो होतो, फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून ठेवला. वादकांनी धून बदलली, दारं बंद झाली, कॅटलिनने शेजारच्या माणसाची बाही वर केली आणि आत चिलखत दिसलं. मी मनातल्या मनात हसत होतो. एक मित्र मध्येच उठून बाहेर गेला. माझ्या चित्रफितीत शेवटची दोन मिनिटं त्याची रिकामी खुर्ची आहे. त्याची आई त्याच वर्षी गेली होती आणि ते मला माहीत होतं. मी ती कुठेही टाकली नाही, पण खोडायलाही बराच काळ गेला.

ताईला हे भाग सुरू व्हायच्या आधी सांगितलं. ती म्हणाली, “मग आता काय होणार ते मला सांग, किंवा माझ्याकडे बघू नकोस.” मी सांगितलं नाही, पण भिंतीकडे तोंड केलं.

मला आवाज आले तेवढेच. कॅटलिनची शेवटची किंकाळी, आणि मग काहीच नाही. श्रेयनामावली संगीताशिवाय, पूर्ण शांततेत वर सरकते. वळून बघितलं तर ताईचा चेहरा रागाने लाल. “त्या रॉबच्या बायकोच्या पोटात सुरा खुपसला रे. पोटुशी होती ती.”

मी सांगितलं की पुस्तकात रॉबची बायको त्या लग्नाला जातच नाही, ती मागे गढीत राहते.

“म्हणजे मुद्दाम बोलावून आणलं?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्रीत माय-लेक गेले, एवढ्याने काळीज फाटतंच. गरोदर पोटावरचा तो वार प्रेक्षकाला आणखी एक चापट म्हणून घातलेला आहे, असं मला आता वाटतं. 2013 मध्ये वाटलं नव्हतं. ताईने दोन दिवस मालिका बघितली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच डिस्क लावली.

इथे वस्तूबद्दल दोन शब्द, कारण परीक्षण त्याचंही आहे. बघायची असेल तर डिस्कवर बघा. मधल्या काळात मी एका ऑनलाइन सेवेवर हाच भाग पुन्हा लावला होता. त्या सेवेचं नाव घेत नाही, कारण बहुतेक सगळ्यांचीच तीच खोड आहे. कॅटलिन पडते, शांतता सुरू होते, आणि तिसऱ्या सेकंदाला नावांची चौकट आक्रसून कोपऱ्यात जाते आणि ‘पुढील भाग’ असं बटण उलटी गिनती करू लागतं. ज्या शांततेसाठी हा शेवट केला तीच कापली. वर भागांच्या यादीतल्या छोट्या चित्रांत पुढे कोण जिवंत आहे ते आधीच दिसतं. एवढ्या मेहनतीने मारलेला माणूस चित्रातच परत उभा दिसला, तर बघणाऱ्याने करायचं काय?

डिस्कच्या संचात वगळलेले प्रसंग आणि कलाकार-दिग्दर्शकांची टिप्पणीही आहे. ताईने ती ऐकायला साफ नकार दिला. “मेलेली माणसं हसत बोलताना नको दाखवूस मला.”

तो पोरसवदा राजा, सर्सीचा मुलगा जॉफ्री, मेला तेव्हा, म्हणजे 13 एप्रिल 2014 ला, आम्ही मित्रांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्याच्याच लग्नात विषप्रयोग, चेहरा जांभळा, नाकातून रक्त. सगळ्या जगाने सण केला. मीही ताईकडे अपेक्षेने बघितलं. ती नेहमीप्रमाणे बाजूला बघत होती. सर्सी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. “कसाही असला तरी तिचं पोर आहे ते,” एवढंच म्हणाली, आणि माझ्या टाळीचा हात हवेतच राहिला. द्वंद्वयुद्धात ऑबेरिनची कवटी फुटली त्या भागातही तेच. मी डोळे मिटले, ती त्याच्या प्रेयसीची, एलारियाची, किंकाळी ऐकत राहिली. त्याच पर्वाच्या शेवटी टिरियन स्वतःच्या बापाला शौचकूपात बाणाने मारतो. अमेरिकेत तो भाग 15 जून 2014 ला, नेमका पितृदिनी दाखवला गेला. योगायोग असेल तर फारच वात्रट.

नेडचा अनौरस मुलगा म्हणून वाढलेल्या जॉन स्नोचं काय सांगू. 14 जून 2015 ला त्याच्याच माणसांनी त्याला भोसकलं आणि 1 मे 2016 ला तो उठून बसला. मधले साडेदहा महिने आम्ही वाद घातले. वाहिनी सांगत होती मेला, नट किट हॅरिंग्टन मुलाखतींत सांगत होता मेला. लोक त्याच्या केसांची लांबी मोजत होते, की भूमिका संपली असती तर कापले असते. परत आल्यावर त्याने खोटं बोलल्याबद्दल माफीही मागितली. ताईसाठी हे सगळं एका दुपारचं प्रकरण झालं. संध्याकाळच्या आत “उठला की रे,” म्हणून मोकळी. सगळे भाग हाताशी असणं सोयीचं खरं, पण ते साडेदहा महिने त्या मरणाचा अर्धा भाग होते आणि ते कुठल्याच डिस्कमध्ये मिळत नाहीत. शिवाय एक माणूस परत आला की पुढच्या प्रत्येक मरणावर बघणारा डोळा बारीक करतोच. पुढे कोणी मेलं की ताई विचारायची, “हा नक्की गेला का?” पहिल्या पर्वात तिला हा प्रश्न पडला नव्हता.

पाचव्या पर्वातली शिरीन. त्याबद्दल मी थोडक्यात लिहिणार आहे. बापाने, गादीवर हक्क सांगणाऱ्या स्टॅनिसने, युद्ध जिंकण्यासाठी स्वतःच्या लेकीला जाळलं. ताई उठून आत गेली आणि आतूनच विचारत राहिली, “संपलं का?” मी आवाज बंद केला. पण त्या पोरीला लळा लावलेला डाव्होस तिथे नव्हता, हे ताईच्या मनात राहिलं. त्याला कधी कळणार, हे तिने पुढे निदान चार वेळा विचारलं. कळतं. जवळजवळ एक पूर्ण पर्व उलटल्यावर राखेत त्याला तिच्यासाठी स्वतः कोरलेलं लाकडी हरीण सापडतं, अर्धवट जळलेलं. ते तो तिला जाळायला लावणाऱ्या पुजारिणीच्या, मेलिसांड्रेच्या, अंगावर फेकतो आणि जॉनसमोर जाब विचारतो. ताई खुर्चीत पुढे सरकून बसली होती. “कोणीतरी लक्षात ठेवलं,” म्हणाली. इतक्या उशिराने आलेला दुखवटा मी दुसऱ्या कुठल्या मालिकेत बघितलेला नाही.

आणि होडॉर, नेडच्या अपंग मुलाला, ब्रॅनला, वाहून नेणारा धिप्पाड नोकर, ज्याला ‘होडॉर’ एवढाच शब्द बोलता यायचा. मला वाटलं होतं ताई इथे रडेल, माझ्यासकट सगळे रडले होते 22 मे 2016 ला. पण आधी ती ओरडली. पडद्यावर दोन काळ एकत्र चालू असतात. इकडे मोठा होडॉर मृतांची फौज अडवून दाराला पाठ लावून उभा, तिकडे लहानपणीचा होडॉर जमिनीवर झटके देतोय आणि माणसं नुसती भोवती उभी आहेत. ताई जोरात म्हणाली, “अरे, आकडी आलीय त्याला, कुशीवर वळवा! कुशीवर!” मी हसलो नाही. तिचे हात खरोखर पुढे गेले होते.

मग तिने विचारलं तो काय पुटपुटतोय. ‘होल्ड द डोर’ हे शब्द घासत घासत ‘होडॉर’ झाले, हे समजावताना माझी त्रेधा उडाली. मराठीत करून बघितलं, दार धर, दारधर, दाधर. ताई डोळे पुसत म्हणाली, “दाधर. म्हणजे त्या एका कामासाठी जन्मभर नाव लावून फिरला.” याहून चांगलं परीक्षण मला जमणार नाही.

माझं म्हणणं इथे थोडं लंगडं पडतं, ते मान्य करतो. पुढच्या भागात होडॉरसाठी कोणाला थांबायला वेळ नाही. ब्रॅन आणि त्याची सोबतीण मीरा बर्फात पळत असतात. दुखवटा प्रेक्षकांनीच केला. तेव्हा लिफ्टच्या बटणांशेजारी, दाराच्या अडसरांवर लोक त्याचं नाव लिहीत होते.

सातव्या पर्वाबद्दल फार नाही. सातच भाग, माणसं एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चहा पिऊन यावं तशी पोचतात, आणि महत्त्वाचं असं फारसं कोणी मरत नाही. ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी तोवरच्या 330 पात्रांचा जगण्या-मरण्याचा हिशेब मांडून 2018 मध्ये शोधनिबंध छापला. 186 मेलेली निघाली. ताईला हे इतकं आवडलं की तिने आकडा दोनदा विचारला.

आठवं पर्व. तिसऱ्या भागातली मोठी लढाई इतकी काळोखी की ताई म्हणाली, “दिवे लावा रे कोणीतरी, कोण गेलं ते तरी कळू दे.” पण चौथ्याच्या सुरुवातीला चिता आहेत. डेनेरिस तिच्या जुन्या निष्ठावंत सरदाराच्या, जोराच्या, कानाशी वाकून काहीतरी बोलते, आपल्याला ऐकू येत नाही. सान्सा स्वतःचं लांडग्याचं चिन्ह काढून स्टार्क घरात वाढलेल्या थिऑनच्या छातीवर लावते. पाच-सहा मिनिटं जुनी मालिका परत आली.

त्याच भागाच्या शेवटी डेनेरिसची जिवलग सखी मिसांडे. साखळदंडात उभी, एकच शब्द बोलते, मान जाते. ताई गप्प. मग म्हणाली, “हिला मारलं ते त्या राणीला वेड लागावं म्हणून. हिच्यासाठी कोण थांबलं?” तिचा प्रियकर ग्रे वर्म तिची गुलामीच्या काळातली गळपट्टी आगीत टाकतो, तेवढंच. मालिकेतली ती जवळजवळ एकमेव ठळक कृष्णवर्णीय स्त्री होती, यावरून तेव्हाही लोक भडकले होते, आणि मला वाटतं त्यांचं बरोबर होतं.

शेवटच्या पर्वावर किती राग निघाला ते सर्वांना माहीत आहे. ते पुन्हा चित्रित करा म्हणून निघालेल्या अर्जावर 10 लाखांहून जास्त सह्या झाल्या. सही माझीही होती. लोकांनी लेकींची नावं जिच्यावरून ठेवली ती डेनेरिस शहर जाळते आणि जॉन तिला मिठीत घेऊन सुरा मारतो. तेव्हा मी म्हणत होतो, हे घाईत झालं. आता ताईशेजारी बसून बघताना घाई नेमकी कुठे आहे ते दिसलं. तिचा ड्रॅगन ड्रोगॉन येतो, थोबाडाने तिला हलवून बघतो, पुन्हा हलवतो. ओरडतो. सिंहासन वितळवून टाकतो आणि तिला उचलून निघून जातो. आणि त्यानंतर एकदम काही आठवड्यांनी. नवं मंत्रिमंडळ, टिरियन खुर्च्या सरळ रेषेत लावतोय, कोणी जहाजांचं बोलतंय, कोणी कुंटणखान्यांचं, विनोद चाललेत. आठ वर्षं जिच्यासोबत काढली तिच्यासाठी थांबला तो एक जनावर. ताई म्हणाली, “पलंगाशेजारी कोणीच नाही रे.”

या मालिकेला एकूण 59 एमी मिळाले, त्यात शेवटच्या पर्वासाठीचाही सर्वोत्तम मालिकेचा आहे. मिळोत. माझ्याकडून पहिल्या सहा पर्वांना पाचपैकी साडेचार, सातव्याला तीन, आठव्याला दोन. त्या दोनातला एक चितांसाठी, आणि दुसरा ब्रियेन या स्त्री-योद्ध्यासाठी.

कारण शेवटच्या भागात ती एक जाडजूड वही उघडते. राजरक्षकांच्या पराक्रमांची नोंदवही. चौथ्या पर्वात याच वहीतल्या सर्सीच्या भावाच्या, राजरक्षक जेमीच्या, रिकाम्या पानावरून जॉफ्रीने त्याची टर उडवली होती. जेमी ब्रियेनला रडवून, सोडून सर्सीकडे गेला आणि विटांखाली मेला. ती खुर्चीत बसते, टाक बुडवते आणि त्याचं पान भरते, एकेक ओळ, स्वतःबद्दल अक्षर न लिहिता. शेवटची ओळ, राणीचं रक्षण करताना मरण आलं. शाई वाळू देते, वही मिटते.

ताईने इथे रिमोट मागितला. माझ्या हातून घेतला आणि मागे नेला. दुसऱ्यांदा बघून म्हणाली, “रात्रपाळीला नोंद अशीच करायचो. वेळ, कारण, सही. मग हात धुवायचे.” तिसऱ्यांदा लावलं तेव्हा मी काही बोललो नाही.

प्लास्टर निघालं आणि ताई गेली. संच तिच्या पिशवीतच भरून दिला, परत आणायची घाई नाही म्हटलं. संध्याकाळी टेबल आवरताना पाचव्या पर्वाचा डबा दिसला. वर्तमानपत्राखाली, पालथा घालून ठेवलेला.